गटशॉटच्या मागे कधी लागावं, कधी सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १-२ ब्लाइंडचा (पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायच्या १ आणि २ चिप्स) छोटा नो-लिमिट होल्डेम, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर सामाईक पाच पानं असलेला, बेटला मर्यादा नसलेला पोकर, प्रत्येकापुढे साधारण १०० चिप्स. तुम्ही बटणावर (सहसा शेवटी बोलायची जागा), हातात इस्पिकची अठ्ठी आणि सत्ती. तिघं नुसते दोन-दोन टाकून आत आले, तुम्हीही आलात, दोन्ही ब्लाइंड होतेच. सहा जण, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १२. फ्लॉप (पहिली तीन सामाईक पानं) पडला बदाम गुलाम, बदाम दश्शी, किलवर तिर्री. ब्लाइंड्सनी चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), तिघांतल्या पहिल्यानं १० लावले, पुढच्या दोघांनी कॉल केला (तेवढेच टाकले). तुमच्यासमोर ४२ चा पॉट आणि कॉल फक्त १० चा. नव्वी आली की स्ट्रेट (सलग पाच पानं). हात पुरा व्हायला पान हवं असणं म्हणजे ड्रॉ, आणि असं मधलं एकच पान हवं असलेला ड्रॉ म्हणजे गटशॉट. तुम्ही मनात हिशेब केला: चार आउट्स (हात पुरा करणारी पानं), गुणिले चार, सोळा टक्के, म्हणजे एकास पाचच्या आसपास (एकदा लागलं तर पाचदा चुकतं); मिळतोय एकास चारच्या वर, उरलेलं पुढे मिळेलच. कॉल. ब्लाइंड्सनी पानं टाकली. टर्नला (चौथं सामाईक पान) इस्पिक दुर्री, पहिल्याची ३५ ची बेट, एक फोल्ड (पानं टाकली), एक कॉल, आणि तुमचाही कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) भलतंच पान. तुम्ही विचारता, हिशेब बरोबर असूनही अशा डावांत पैसे जातातच का, आणि लांबच्या ड्रॉच्या मागे लागायचं तरी कधी?

हिशेब बरोबर नव्हता, आणि चूक चारने गुणण्यातच आहे.

आउट्सना चारने गुणायचा आडाखा फ्लॉपवरून टर्न आणि रिव्हर अशी दोन्ही पानं बघण्यासाठी आहे. तो लागू होतो कधी, तर त्या दोन पानांसाठी पुन्हा पैसे मोजावे लागणार नसतील तेव्हा; म्हणजे फ्लॉपलाच कोणीतरी ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) असेल तेव्हा. तुम्ही १० चिप्समध्ये एकच पान विकत घेतलं होतं. दुसऱ्या पानाचे वेगळे ३५ लागले. एका पानाचा हिशेब दोनने गुणून करायचा. नेमका आकडा हवा तर फ्लॉपनंतर न दिसलेली पानं ४७, त्यातली तुमच्या कामाची ४, म्हणजे ८.५ टक्के. भावात सांगायचं तर एकास १०.७५. दोन्ही पानं फुकट मिळाली असती तर १६.५ टक्के झाले असते, तो तुमचा सोळा. पण तो माल त्या किमतीत विकायला नव्हताच.

आधी टर्न बघू, कारण तिथली चूक फ्लॉपपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि पैसे खरे तिथेच जातात. फ्लॉपच्या कॉलनंतर पॉट ५२. पहिल्यानं ३५ लावले, दुसऱ्यानं ३५ दिले, पॉट १२२. तुम्हाला ३५ मध्ये एक पान, म्हणजे एकास साडेतीनचा भाव. लागतो एकास साडेदहा. ३५ च्या साडेदहा पट म्हणजे ३६७. पॉटमध्ये १२२ आहेत, तेव्हा नव्वी आली तर रिव्हरला आणखी २४५ वसूल व्हायला हवेत. आता तुमच्यापुढे किती उरले होते? शंभरातले दोन, दहा आणि पस्तीस गेले, उरले ५३. समोरच्या दोघांपुढेही तेवढेच. दोघांनीही शेवटची चिप तुम्हाला दिली असती तरी १०६. म्हणजे पान लागूनही, दोघांनी सगळं देऊनही, तो सौदा आतबट्ट्याचाच होता. असे कॉल 'थोडे सैल' नसतात. त्यांतून नफा निघायला वाटच नसते, आणि ते टेबलावर बसल्या बसल्या तीस सेकंदांत कळू शकतं.

फ्लॉपचा कॉल त्यामानानं कमी वाईट. १० च्या १०.७५ पट म्हणजे १०७. त्यातले ४२ पॉटमध्ये आहेत. तूट ६५ ची. नव्वी आली की दर वेळी सरासरी ६५ चिप्स पुढच्या दोन फेऱ्यांत कोणाकडून तरी यायला हव्यात, आणि उरलेला स्टॅक (पुढ्यातल्या चिप्स) ८८. कागदावर जमतं असं वाटेल. पण हे गणित एक गोष्ट गृहीत धरतं: चारही नवव्या तुम्हाला जिंकून देतात.

देत नाहीत. बदामाची नव्वी आली तर बोर्डावर (सामाईक पानांत) तीन बदाम. चार जण टर्न बघताहेत, दोघांनी फ्लॉपला नुसता कॉल केलाय. त्यांत बदामाचा ड्रॉ (एकाच रंगाची पाच पानं म्हणजे फ्लश, तो स्ट्रेटला हरवतो) कोणाकडे नसेल असं धरून चालणं म्हणजे भाबडेपणा. तेव्हा आउट्स तीन. आता भाव झाला एकास १४.६७ आणि तूट झाली १०५ च्या घरात, म्हणजे एका माणसाचा अख्खा स्टॅक घेऊनही भरत नाही. त्यात उरलेल्या तीन नवव्यांवरही तुमचं स्ट्रेट सर्वात मोठं नाही. गुलाम, दश्शी, नव्वी बोर्डावर असताना तुमच्याकडे गुलामापर्यंतचं स्ट्रेट. राणी-अठ्ठीवाल्याकडे राणीपर्यंतचं, राजा-राणीवाल्याकडे राजापर्यंतचं. आणि राजा-राणी हा हात छोट्या टेबलावर कोणीही सोडत नाही. गुलाम-दश्शीच्या फ्लॉपवर १० चा कॉल करणारा राजा-राणीवाला तर नेहमीचाच. म्हणजे ज्या दिवशी तुमचं पान येतं, त्याच दिवशी कधीकधी त्याचंही तेच पान असतं, आणि त्या डावात तुम्ही १० नाही, उरलेले ८८ घालवता. गटशॉटच्या खालच्या टोकाला असणं म्हणतात ते हे. असा ड्रॉ फ्लॉपलाच टाकायचा. तीन जण पैसे घालून बसलेत म्हणून पॉट कितीही लोभस दिसला तरी.

लांबच्या ड्रॉची किंमत पॉटमध्ये सापडत नाही. पॉट तिचा एक हप्ता असतो. बाकीची किंमत अजून समोरच्याच्या पुढ्यात रचलेली असते, आणि ती तो देणार का, हा खरा प्रश्न. आवळा देऊन कोहळा काढायचा तर समोरच्याकडे कोहळा असायला हवा, आणि तो द्यायची त्याला खोडही हवी. त्यामुळे गटशॉट आला की माझी नजर पॉटवर शेवटी जाते. आधी स्टॅक, मग माणूस, मग माझं पान किती निर्भेळ आहे ते, आणि मग भाव.

जिथे मी कॉल करेन असा डाव सांगतो. तेच १-२ ब्लाइंड, पण दोघांपुढे ४०० चिप्स. समोरच्यानं मधल्या जागेवरून १० ला रेझ केलं (बेट वाढवली), तुम्ही बटणावरून किलवरच्या गुलाम-दश्शीनं कॉल केला, बाकी सगळे बाहेर. पॉट २३. फ्लॉप चौकट राजा, इस्पिक नव्वी, किलवर तिर्री. त्यानं ८ लावले. पॉट ३१, कॉल ८ चा. राणी आली की स्ट्रेट, भाव तोच एकास १०.७५, म्हणजे ८६ हवेत; ३१ आहेत, तूट ५५. इथे चारही राण्या स्वच्छ आहेत. फ्लॉपवर तीन वेगळे रंग आहेत, त्यामुळे कोणतीही राणी फ्लश पुरा करत नाही. राजा-राणी-नव्वीच्या बोर्डावर गुलाम-दश्शीच नट्स (त्या बोर्डावरचा सर्वात मोठा हात) आहे, त्याहून मोठं स्ट्रेट दोन पानांत बसतच नाही. उरलेला स्टॅक ३८२. आणि मुख्य म्हणजे समोरच्याकडे एक्का-राजा किंवा एक्क्यांची जोडी असेल तर राणी बघून तो दचकत नाही. राजा-राणी असेल तर उलट खूष होतो. टर्नला २५ आणि रिव्हरला ६० लावले, पहिली बेट त्यानं दिली आणि दुसरी निम्म्या वेळाच दिली, तरी सरासरी ५५ भरतात. त्याच्याकडे दोन जोड्या किंवा सेट (हातातली जोडी आणि बोर्डावरचं तिसरं तसंच पान) असेल त्या दिवशी अख्खा स्टॅक येतो, तो वर. पहिली बेटही तो कधीकधी देणार नाही, ती उणी. शिवाय टर्नला किलवरचं पान आलं (राणी सोडून कुठलंही) तर तुमच्या हातात एकदम निदान १२ आउट्स होतात. टर्नला त्यानं चेक केलं तर एक पान फुकट. हा कॉल नफ्याचा आहे. डोंगराएवढा नफा नाही, पण आहे.

याच डावात टर्नला भलतंच पान आलं आणि त्यानं २६ लावले तर? फोल्ड. पॉट ३९, वर २६, म्हणजे एकास अडीचचा भाव, लागतो साडेदहा, आणि वसुलीला आता एकच फेरी उरलेली. फ्लॉपला केलेला कॉल बरोबर होता म्हणून टर्नचाही बरोबर ठरत नाही. आधी घातलेल्या ८ चिप्स आता तुमच्या नाहीत, पॉटच्या आहेत. नो-लिमिटमध्ये टर्नला निव्वळ गटशॉटवर कॉल करण्याचे प्रसंग इतके विरळ असतात की नवख्यानं ते नसतातच असं समजावं.

टेबलावर बसून दर वेळी गुणाकार जमत नसेल तर माझा एक ठोकताळा आहे. शास्त्र म्हणून घेऊ नका, वापरातला आडाखा आहे. नट्सचा गटशॉट असेल, समोर एकच जण असेल, तर कॉलच्या निदान वीस पट चिप्स दोघांपुढेही शिल्लक हव्यात. दोघांत ज्याचा स्टॅक लहान, तो धरायचा. तुमच्याकडे ४०० आणि त्याच्याकडे ९० असतील तर डाव ९० चाच आहे. वीस पट का? पॉटच्या दोन-तृतीयांश बेटवर गटशॉटची तूट कॉलच्या सव्वाआठ पट असते, एक-तृतीयांश बेटवर पावणेसात पट. आणि पान लागल्यावर सगळा स्टॅक दर वेळी मिळत नाही; एक-तृतीयांश ते निम्मा मिळाला तरी बरं म्हणायचं. त्यातून वीस येतात. तुमच्या अठ्ठी-सत्तीच्या डावात हा आकडा नऊच्याही खाली होता, गुलाम-दश्शीच्या डावात जवळजवळ अठ्ठेचाळीस.

माणसाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण छोट्या डावात सगळी कमाई याच खिडकीतून येते. सर्वात चांगला गिऱ्हाईक म्हणजे जो तासभर पानं टाकत बसलाय आणि अचानक मोठं रेझ करतो. त्याच्याकडे एक्के किंवा राजे असतात, आणि इतका वेळ वाट बघून मिळालेली ती जोडी टाकायला त्याचा जीव होत नाही. बोर्डावर काहीही पडो, तो 'बघूया तरी' म्हणून देतो. दुसरा, जो प्रत्येक डावात कॉल करतो आणि कधीच रेझ करत नाही. तो एका बेटला देईल, दुसरीला देईल, पण त्याच्या हातात बहुधा मधलीच जोडी असते, त्यामुळे मोठा आकडा बघून कधीकधी थबकतो; त्याच्याकडून मध्यम बेटांनी घ्यायचं. तिसरा, सतत रेझ करणारा आक्रमक. त्याच्याकडून वसुली चांगली होते, पण तो फ्लॉपलाच किंमत वाढवून तुम्हाला टर्न बघूच देत नाही. त्याच्याविरुद्ध लांबच्या ड्रॉचा स्वस्त कॉल हा कधीच स्वस्त राहत नाही. आणि ज्याच्यापुढे चाळीस चिप्स उरल्यात आणि उठायच्या बेतात आहे, त्याच्याविरुद्ध ड्रॉ करणं म्हणजे रिकाम्या तिजोरीला किल्ली लावणं.

छोट्या टेबलावर गर्दी असते, आणि गर्दीमुळे भाव सुधारतो हे खरं. फक्त त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. गर्दीत तुमच्या मागे अजून बोलायचे खेळाडू असतात. तुमच्या डावात दोन्ही ब्लाइंड चेक करून मागे बसलेले होते. त्यातल्या एकानं ५० ला रेझ केलं असतं तर तुमचे १० एकही पान न बघता गेले असते. कॉल करून फेरी संपत असेल तर ते वेगळं, आणि मागे दोन जण शिल्लक असतील तर वेगळं. दुसरं असं की जितके जास्त लोक, तितकं नट्सचं महत्त्व जास्त. एकाविरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचं स्ट्रेट बहुतेक वेळा जिंकतं. चौघांविरुद्ध मोठे पैसे आत गेले की ते दुसऱ्या क्रमांकाचंच ठरण्याची शक्यता वाढते. म्हणून गर्दीचा चांगला भाव हा फक्त वरच्या टोकाच्या ड्रॉला मिळतो. खालच्या टोकाला तीच गर्दी महाग पडते. बोर्डावर जोडी असेल तर स्ट्रेटचा ड्रॉ आणखी उतरतो, कारण तुम्ही पान लावाल त्या वेळी कोणाचं तरी फुलहाऊस (एका प्रकारची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं, स्ट्रेटहून मोठा हात) आधीच तयार असू शकतं.

मग 'पॉट मोठा असेल तर गटशॉट खेळा' हा सल्ला आला कुठून? तो खोटा नाही, दुसऱ्या खेळाचा आहे. लिमिट होल्डेममध्ये बेटचा आकार ठरलेला असतो. सहा जणांनी रेझ झालेला पॉट बघितला तर फ्लॉपलाच १२ छोट्या बेट्स जमलेल्या असतात; एकानं लावली, दोघांनी दिली, तर तुम्हाला एकास पंधराचा भाव मिळतो. गटशॉटला पावणेअकरा पुरतात, म्हणजे पुढे एक चिपही मिळाली नाही तरी कॉल बरोबर. टर्नची बेट दुप्पट होते, त्याहून जास्त नाही. छोट्या डावांत एके काळी लिमिटच जास्त चाले आणि तिथले शहाणपणाचे ठोकताळे तिथे अगदी योग्य होते. २००३ साली ख्रिस मनीमेकर (पेशानं खरोखरच हिशेबनीस) वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकला, त्यानंतर नो-लिमिटची लाट आली आणि छोटी टेबलंही त्यात वाहून गेली. खेळ बदलला, ठोकताळे तेच राहिले. नो-लिमिटमध्ये टर्नला समोरचा हवा तेवढा आकडा लावू शकतो, आणि भाव बिघडवणं त्याच्या हातात असतं.

आता ज्या ड्रॉला लोक लांबचा समजतात पण तो तसा नसतो, त्याकडे एकदा बघा. हातात नव्वी-सत्ती, बोर्डावर गुलाम, अठ्ठी, पंजी. बहुतेक जण दश्शी बघतात आणि गटशॉट म्हणून टाकतात. छक्कीही चालते: पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. आठ आउट्स, एका पानात १७ टक्के, सरळ दोन्ही टोकं उघड्या स्ट्रेटएवढे. वर बोनस असा की हा ड्रॉ कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. छक्कीवर तुमचा हात नट्स असतो. दश्शीवर मात्र राणी-नव्वीवाला पुढे जातो, तेवढं लक्षात ठेवायचं. तसंच गटशॉटबरोबर फ्लशचा ड्रॉ असेल तर १२ आउट्स, दोन्ही पानांत ४५ टक्के. तो लांबचा ड्रॉ नाहीच, तिथे ऑल-इनलाही घाबरायचं कारण नाही. फ्लॉपनंतर हातातली धरून तुमच्या रंगाची तीनच पानं असतील, म्हणजे फ्लशसाठी टर्न आणि रिव्हर दोन्ही हवीत, तर ती शक्यता ४.२ टक्के. तेवढ्यावर एक चिपही घालू नये, पण आधीच काठावर असलेल्या कॉलला ती जवळजवळ एका आउटइतका हातभार लावते.

गटशॉटचा एक गुण फ्लशच्या ड्रॉत नाही, तो सांगायलाच हवा. तिसरं बदाम पडलं की टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं आणि पाकिटं बंद होतात. राजा-नव्वी-तिर्रीवर राणी पडली तर कोणाला काही वाटत नाही. त्यामुळे नऊ आउट्सचा फ्लश ड्रॉ बहुतेक पॉटच्या भावावर खेळावा, आणि चार आउट्सचा गटशॉट समोरच्याच्या स्टॅकवर.

हातातल्या जोडीचंही थोडक्यात. छोटी जोडी घेऊन फ्लॉप बघितला तर सेट लागण्याची शक्यता ११.८ टक्के, एकास साडेसात. रेझच्या पंधरा पट तरी चिप्स दोघांपुढे असतील तर कॉल करावा. फ्लॉपला सेट लागला नाही की दोनच आउट्स उरतात, भाव एकास साडेबावीस. तिथे थांबायचं. 'एक पान बघतो' म्हणत पंज्यांच्या जोडीवर टर्नपर्यंत जाणारे लोक ज्यांना पैसे देतात, त्यांपैकी एक तुम्ही व्हायला हवं.

कॉल करण्याऐवजी रेझ करून समोरच्याला पळवायचं, हा सेमी-ब्लफ ऐकायला छान वाटतो. पॉट २० असताना १२ ची बेट लावली आणि हातात काहीच नसेल तर समोरच्यानं साडेसदतीस टक्के वेळा पानं टाकायला हवीत. गटशॉट असेल तर त्याहून थोडी कमी वेळा पुरतं. अडचण एकच: छोट्या टेबलावर लोक पानं टाकायला आलेले नसतात. एकटा असेल, आणि त्याला तुम्ही यापूर्वी टर्नला चांगली जोडी टाकताना पाहिलं असेल, तरच. चौघांविरुद्ध गटशॉटवर सेमी-ब्लफ करणाऱ्याला मी काही सांगत नाही, त्याच्या शेजारची खुर्ची मिळते का ते बघतो.

रेक (टेबल चालवणारा पॉटमधून कापतो तो वाटा) विसरू नका. छोट्या डावात तो प्रमाणानं सर्वात जड असतो. समजा पॉटच्या ५ टक्के कापले जातात आणि वर मर्यादा नाही. तुमच्या पहिल्या डावात नव्वी येऊन ६५ वसूल झाले असते तर पॉट १८० च्या आसपास गेला असता. त्यातले ९ गेले. म्हणजे तूट ६५ ऐवजी ७४. काठावरचे सगळे कॉल इथे गळून पडतात. म्हणूनच वर ज्या डावाला मी नफ्याचा म्हटलं त्याला डोंगराएवढा म्हटलं नाही. स्पर्धेत रेक असा कापत नाहीत, पण तिथे सुरुवातीचा टप्पा सरला की स्टॅक बहुधा वीस-तीस मोठ्या ब्लाइंडचेच असतात, आणि तेवढ्यात लांबच्या ड्रॉची वसुली बसत नाही. तिथे हा विषय जवळपास बंदच.

तुम्ही लिहिलंय की 'माझं पान येतच नाही'. त्याचंही गणित बघा. एका पानासाठी वीस वेळा गटशॉटवर कॉल केला तर वीसच्या वीस वेळा चुकण्याची शक्यता १७ टक्के आहे, म्हणजे साधारण सहा खेळाडूंतल्या एकाच्या वाट्याला ते येणारच. त्यात कोणाची नजर नाही की कोणाची करणी नाही. आणि टाकलेल्या पानांनंतर नव्वी पडली म्हणून जीव जाळून घेऊ नये. जवळजवळ दर बारा वेळांत एकदा ती पडायचीच आहे.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न: पान लागलं तर चेक करून जाळं लावावं का? नाही. तुम्ही तुटीवर कॉल केलाय, ती भरून काढायला दोनच फेऱ्या आहेत. त्या राजा-नव्वी-तिर्रीच्या डावात राणी टर्नला आली, पॉट ३९, आणि समोरच्यानं चेक केलं. तुम्हीही चेक केलंत तर रिव्हरला ३९ च्या पॉटमध्ये फार तर ३५-४० लावता येतील. ते दर वेळी मिळाले तरी ५५ भरत नाहीत. टर्नला २५-३० लावा. त्यानं नुसता कॉल केला तर रिव्हरला साठ-सत्तर. त्यानं टर्नलाच ८० ला रेझ केलं तर नुसता कॉल करून रिव्हरची वाट बघू नका. २२० च्या आसपास पुन्हा रेझ करा. या बोर्डावर तसं रेझ करणाऱ्याकडे राजा-राणीच्या दोन जोड्या किंवा तिर्र्यांचा, नवव्यांचा सेट असतो, तो आता पानं टाकणार नाही. आणि सेट असेल तर बोर्डावर जोडी लावून तुम्हाला हरवणारी दहा पानं गड्डीत आहेत, तेव्हा त्याला रिव्हर बघायचाच असेल तर त्यानं तो ८० मध्ये नाही, पूर्ण स्टॅकमध्ये बघावा.